चांगलं इंजिन आधी ऐकावं

बाळा,

परवा रात्री दादाचा फोन आला. कॅपच्या दुसऱ्या राउंडला तुला इंजिनिअरिंगची सायबर सिक्युरिटी ब्रँच लागली, हे सांगताना त्याला आनंद झाला होता आणि धाकधूकही वाटत होती. "म्हणजे पोरगा चार वर्षं हॅकिंग शिकणार का गं?" असं त्याने दोनदा विचारलं. त्याची समजूत मी फोनवर काढली. तुझ्याशी मात्र घाईत बोलायचं नव्हतं. निम्मं आयुष्य बँकांचे सर्व्हर आणि त्यांचे लॉग बघण्यात गेलं माझं. त्यातलं तुझ्या उपयोगी पडेल ते आज लिहायला बसले आहे.

सुरुवात अण्णांपासून करते. तुझे आजोबा एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते, हे तुला माहीत आहे. ते इंजिन कसं तपासायचे हे तू बघितलेलं नाहीस. ड्रायव्हर लॉगशीटवर 'गाडी ओढत नाही' एवढंच लिहून गेलेला असायचा. अण्णा गाडी चालू ठेवायला सांगायचे, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. मग डोळे मिटून एकेका जागी थांबत पुढे जायचे. चौथ्या-पाचव्या जागी मान हलायची: "हा बघ, इथं." मी आठवी-नववीत असताना हट्ट धरला, मलाही ऐकायचंय. त्यांनी मला बिघडलेल्या गाडीकडे नेलंच नाही. शेजारी नुकतीच दुरुस्त होऊन उभी असलेली गाडी चालू करून दिली आणि म्हणाले, "आधी हे पोटभर ऐक. चांगलं कानात बसलं की वाईट आपणहून टोचतं." सुट्टीचे चार दिवस मी नुसती चांगली इंजिनं ऐकत होते.

मी पुढे पॉलिटेक्निकला गेले, सहकारी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात लागले, तिथून पुण्याला येऊन सुरक्षेच्या कामात शिरले. आमच्या धंद्याचं मर्म मला तिथल्या कुठल्याच कोर्सने सांगितलं नाही. ते त्या स्क्रू ड्रायव्हरने आधीच सांगून ठेवलं होतं.

म्हणून तुला पहिलं काम देते, कॉलेज सुरू व्हायच्या आतलं. लॅपटॉप घेतलास की सात दिवस त्याच्याकडे नुसतं बघायचं. कोणती प्रोसेस कायम चालू असते, कोणते पोर्ट उघडे आहेत, चालू झाल्यावर तो स्वतःहून कुणाकुणाशी बोलतो, काहीच न करता मेमरी किती खातो. रोज ठरलेल्या वेळी एका शंभरपानी वहीत लिहायचं. तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. पाचव्या दिवशी एखादं नाव नवीन दिसेल आणि 'हे काल नव्हतं' असं तुझं तुलाच वाटेल. बहुधा ते एखाद्या अपडेटचं निघेल. पण ते 'काल नव्हतं' म्हणणारा कान तयार व्हायला लागला की तुझा अभ्यास सुरू झाला असं मी समजेन.

ही मी उगीच लांबण लावत नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक इंजिनिअर डेटाबेसचा वेग मोजत बसला होता. दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला त्याला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! दुसरा कुणी असता तर नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं. याने पाठ सोडली नाही. शोधत गेला तेव्हा एक्सझेड नावाच्या, लिनक्समध्ये जिथेतिथे वापरल्या जाणाऱ्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला सापडला. ज्याने तो बसवला त्याने दोन-अडीच वर्षं त्या प्रकल्पात गोड बोलून, मदत करून विश्वास कमावला होता. तो चोरदरवाजा सगळीकडे पोहोचायच्या आत पकडला गेला, कारण एका माणसाला नेहमीचा वेग ठाऊक होता. सुरक्षेचं कुठलंही महागडं सॉफ्टवेअर तिथे कामी आलं नव्हतं. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते आणि सांगताना मला हटकून अण्णा आठवतात.

पहिलं वर्ष तुला कोरडं वाटेल. गणित, फिजिक्स, इलेक्ट्रिकलची तोंडओळख, सी लँग्वेज. वर्गातली निम्मी मुलं पहिल्या महिन्यातच कुरकुरायला लागतील की यात सायबर कुठे आहे? त्यांच्यात बसू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि डेटाबेस येतील. हे तिन्ही विषय कॉम्प्युटरशी संबंधित सगळ्याच ब्रँचला असतात, म्हणून मुलं ते पास होण्यापुरते करतात आणि 'एथिकल हॅकिंग' नाव असलेल्या इलेक्टिव्हची वाट बघतात. मी मुलाखती घ्यायची तेव्हा त्या इलेक्टिव्हमधलं जवळपास काहीच विचारत नसे. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय होतं ते सांग, एवढा एकच प्रश्न. अर्धा तास त्यावरच जायचा. काही मुलं दोन मिनिटांत संपायची. काही इतकं छान सांगायची की मीच वहीत लिहून घ्यायची.

त्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून पाठ करू नकोस, डोळ्याने बघ. स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लाव, बाकी सगळं बंद कर, वायरशार्क सुरू कर. मग टर्मिनलमधून कर्लने एक साधी साइट मागव. ब्राउझर मुद्दाम टाळायला सांगते आहे, कारण तो हल्ली बरेचदा क्विक नावाच्या वेगळ्या रस्त्याने जातो आणि शिवाय स्वतःच्या पन्नास गोष्टी मधे घुसवतो. कॅप्चर थांबवून वरून वाचायला लाग. आधी डीएनएसचा सवाल दिसेल: या नावाचा पत्ता काय? खाली त्याचा जवाब. मग तीन बारकी पॅकेटं लागोपाठ: सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. दार वाजवलं, आतून 'या' आलं, 'आलो' म्हणून पाऊल आत पडलं. प्रत्येक पॅकेटवर बोट ठेव आणि त्यातला क्रमांक पुढच्या पॅकेटात एकाने वाढून कसा येतो ते बघ. हे कागदावर स्वतःच्या हाताने काढ. नंतर कधीतरी हजारो सिन येताहेत आणि एकाचाही शेवटचा अ‍ॅक येत नाहीये असं दृश्य तुझ्यासमोर येईल. त्या वेळी कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

सी लँग्वेजचंही तसंच. काही जुन्या जर्नलांमध्ये अजून 'गेट्स' नावाचं फंक्शन वापरलेलं दिसतं. वापरणाऱ्याने टाइप केलेली ओळ ते घेतं, पण ती ठेवायला जागा किती आहे हे विचारतच नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक वर्म सोडला. दुसऱ्यांच्या मशीनमध्ये घुसायच्या त्याच्या वाटांपैकी एक हीच होती. समोरच्या प्रोग्रॅमने ५१२ बाइट्सची जागा ठेवली होती, याने ५३६ पाठवले. वरचे २४ बाइट्स शेजारच्या जागेत सांडले आणि प्रोग्रॅमने पुढे कुठे जायचं हेच बदलून गेलं. वहीत चौकटी आखून हे सांडणं एकदा पेन्सिलीने काढ. हे चित्र डोक्यात बसलं की पुढची कितीतरी प्रकरणं त्याच चित्राची लेकरं आहेत हे कळेल. आणि तुझ्या जर्नलमध्ये 'गेट्स' आलं तर सरांना नम्रपणे सांग की २०११ च्या प्रमाणीकरणात ते सी मधून काढून टाकलेलं आहे. सर रागावणार नाहीत. रागावले तरी सांग.

लॅपटॉपचं थोडक्यात. फार महागाचा नको. १६ जीबी रॅम, एसएसडी, आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू होतं का हे दुकानातच बघून घे. कॉलेजात सगळे काली लिनक्स टाकतील, तू ते रोजच्या वापराला टाकू नकोस. ते हत्यारांचं कपाट आहे, राहायचं घर नाही. रोजच्याला उबंटू किंवा डेबियन ठेव, बाकी सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये, बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेल्या. काहीही करायच्या आधी स्नॅपशॉट घे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मशीनवर येऊ देऊ नकोस. ज्याने कुलूप तोडून दिलं त्याने सोबत काय ठेवलं ते तुला दिसणार नाही. सरावाला ओव्हरदवायरचा बँडिट, पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी, पिकोसीटीएफ हे सगळं फुकट आहे. बँडिटपासून सुरू कर. अडलास तर लगेच उत्तर शोधू नकोस, एक रात्र जाऊ दे. एआयला विचारलंस तर त्याने दिलेली कमांड चालवण्याआधी तिचं मॅन्युअल पान वाच आणि तिच्यातलं प्रत्येक अक्षर काय करतं ते वहीत लिही. जी कमांड समजावून सांगता येत नाही ती आपली नाही.

आता परवानगीचं. हे नीट वाच, दोनदा वाच.

तुला हळूहळू दारं दिसायला लागतील. कॉलेजच्या निकालाच्या पानावर वरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याची मार्कशीट उघडते, असं कधीतरी दिसेल. माझ्या ओळखीतल्या एका हुशार मुलाला असंच दिसलं होतं. त्याने एक बघून थांबायला हवं होतं. चूक किती मोठी आहे हे पटवायला त्याने रात्रीत स्क्रिप्ट लावून शेकडो उतरवून घेतल्या आणि सकाळी अभिमानाने मेल केली. त्याचं कौतुक झालं नाही. पुढचे सहा-सात महिने त्याच्या आईवडिलांनी वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ तुझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवून ठेव. मालकाच्या किंवा जबाबदार माणसाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, माहिती उतरवून घेणं, हे सगळं त्यात येतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'माझा हेतू चांगला होता' हे तू म्हणशील, आणि ते खरंही असेल. पण ते सिद्ध करण्यात तुझी उमेदीची वर्षं जातील. मॉरिसनेही नुकसान करायचं नव्हतं असंच सांगितलं होतं. त्याला ३ वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरवर दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला हे खरं, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

म्हणून तोंडी परवानगी चालणार नाही. 'बघ रे जरा आमची साइट' असं ट्रस्टी म्हणाले तरी कागद माग. कोणते पत्ते तपासायचे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वेळेत, काय करायचं नाही, काही बंद पडलं तर कुणाला फोन करायचा, आणि खाली सही करणाऱ्याला ती करायचा अधिकार आहे का. बग बाउंटीतही कंपनीने आखलेल्या हद्दीच्या एक पाऊलही बाहेर जायचं नाही. आणि न शोधता काही दिसलंच, तर तिथेच थांब, जेवढं दिसलं तेवढ्याचाच स्क्रीनशॉट, दुसऱ्याच्या नावावर काळं फासून, आणि सर्ट-इनला कळव. ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून आहे आणि अशा सूचना घेणं हे तिचं कामच आहे. त्रुटी सापडल्याचं स्टेटस कुठेही टाकायचं नाही.

आणखी एक. ब्रँचचं नाव कळलं की मित्र, भाऊबंद, शेजारी सगळे येतील. अमक्याचं इन्स्टा उघडून दे. बायकोचं व्हॉट्सअ‍ॅप बघायचंय. मैत्रीण कुणाशी बोलते ते सांग. यातलं एकही काम करायचं नाही, जिवलग मित्राचंही नाही, गंमत म्हणूनही नाही. एखाद्या मुलीचं आयुष्य तुझ्या पाच मिनिटांच्या हुशारीने उद्ध्वस्त होऊ शकतं. या एका बाबतीत मी तुझी आत्या म्हणून सांगत नाही, दटावून सांगते आहे.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. घरात कुणाला फारशी सांगितलेली नाही.

आम्ही ज्या संस्थेचं काम बघत होतो तिथे रात्रीत बाहेरून कुणीतरी आत आलं होतं. माझ्यासमोर दोन प्रिंटआउट होते. फायरवॉलच्या लॉगवर आत येण्याची वेळ २०:१०. सर्व्हरच्या लॉगवर एका क्लार्कचं लॉगिन २०:०८. त्या वेळी ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं, आणि ते गृहस्थ तिमाहीच्या अखेरीचं काम करत एकटेच थांबले होते. दोन ओळी शेजारी ठेवल्या, जुळल्या. मी साहेबांना नाव सांगितलं. अगदी खात्रीने सांगितलं. दोन दिवस त्या माणसाला काम न देता साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसवून ठेवलं, येणारेजाणारे बघत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या हाताखालच्या एका मुलीने फायरवॉलच्या ओळीवर बोट ठेवलं. वेळेच्या शेवटी बारीक छपाईत एक 'झेड' होतं. झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. २०:१० म्हणजे आपल्याकडचे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे १:४०. ते गृहस्थ नऊच्या आत घरी गेलेले होते. आत आलेला माणूस बाहेरचाच होता, चोरलेला पासवर्ड घेऊन.

मी माफी मागायला त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. "घरी काय सांगावं ते दोन दिवस सुचत नव्हतं," एवढंच म्हणाले. पुढे मी त्या संस्थेत गेले की त्यांच्या टेबलावरून जाताना माझी मान खाली जायची.

तेव्हापासून कुठलंही काम सुरू करताना कागदाच्या अगदी वर मी पहिली ओळ लिहिते: कोणत्या मशीनचं घड्याळ कोणत्या वेळेत आहे, आणि खऱ्या वेळेपेक्षा किती मागेपुढे आहे. मगच तपास. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशात घड्याळं ठरलेल्या सरकारी सर्व्हरशी जुळवून ठेवायला सांगितलं आहे. लॉग १८० दिवस जपायचे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं हेही त्यात आहे. परीक्षेत हा दोन मार्कांचा प्रश्न येईल. तू उत्तर लिहिशील तेव्हा बाकावर बसलेला तो माणूस आठव.

फॉरेन्सिकचा विषय तिसऱ्या-चौथ्या वर्षी येईल. तोवर एक सवय लावून घे: मूळ वस्तूला हात लावायचा नाही. आधी प्रत, मग दोन्हींचा हॅश, दोन्ही जुळले की काम प्रतीवर. आजच करून बघ. एक छोटी फाइल घे, एसएचए-२५६ काढ, ६४ अक्षरांची माळ येईल. आत एक स्वल्पविराम वाढवून पुन्हा काढ. माळ ओळखू येणार नाही. हे कोर्टात का लागतं ते समजायला जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला वाच. उमेदवारी अर्ज वेळेत भरले की वेळ टळल्यावर, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच, असं कोर्टाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं. ते तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू झालं, आणि त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागाच दिलेली आहे. तू लॅबमध्ये कंटाळून काढलेली ती माळ उद्या कुणाच्या तरी सुटकेचा किंवा शिक्षेचा कागद असू शकते.

आपल्या पुण्यातलंही एक प्रकरण मुळापासून वाच. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या एटीएम कार्डांवरून काही तासांत २८ देशांत हजारो वेळा पैसे निघाले. सोमवारी स्विफ्टमधून हाँगकाँगला आणखी जवळपास १४ कोटी गेले. एकूण ९४ कोटींवर. एटीएममधून आलेल्या मागणीला 'हो' किंवा 'नाही' म्हणणारा जो स्विच असतो, त्याच्या जागी चोरांनी आपला खोटा स्विच उभा केला होता. तो सगळ्यांना 'हो' म्हणत सुटला आणि खात्यात किती आहेत हे विचारायला बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत ते निरोप गेलेच नाहीत. हे समजून घ्यायला व्हायरसची पुस्तकं पुरणार नाहीत. कार्ड, मशीन, स्विच आणि बँक यांच्यात रोज कोणता निरोप कुठून कुठे जातो ते आधी कागदावर काढावं लागेल. त्या निरोपांच्या मांडणीला आयएसओ ८५८३ म्हणतात. मी बँकेत होते तेव्हा हे पाठ होतं. आजही मला वाटतं की ज्या ठिकाणी काम करायचं त्या ठिकाणचा साधा, रोजचा व्यवहार ज्याला माहीत नाही त्याने तिथली राखण करू नये. हॉस्पिटल असेल तर केसपेपर कसा फिरतो ते बघ, बंदर असेल तर कंटेनर कसा सुटतो ते. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला तेव्हा आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल अडकून पडलं होतं, आणि त्याचं मूळ युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये होतं.

सर्टिफिकेटांच्या मागे पहिल्या दोन वर्षांत लागू नकोस. दादाकडे पैसे मागायच्या आधी मला फोन कर. काही परीक्षा नुसत्या टिकमार्कच्या असतात. ओएससीपीसारखी परीक्षा वेगळी, पावणेचोवीस तास समोर मशीन असतं आणि नंतर रिपोर्ट लिहून द्यावा लागतो. ती नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पगारातून दिलीस तरी चालेल. पदवीनंतर आणखी शिकावंसं वाटलं तर पुण्यात सी-डॅकचा या विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. नल नावाच्या मंडळींच्या बैठका पुण्या-मुंबईत होतात, तिथे जा, मागे बसून ऐक. त्यांचीच मोठी परिषद नलकॉन गोव्यात भरते. तिसऱ्या वर्षी एकदा जाऊन ये, माझ्याकडून.

पहिली नोकरी बहुधा सॉकमधली, म्हणजे सुरक्षेवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षातली असेल, शिफ्टची. रात्री अडीचला दोनशेवा अलर्ट येईल आणि तोही खोटाच असेल असं वाटून हात 'क्लोज'कडे जाईल. त्यासाठी आत्तापासून झोप सांभाळायला शीक. रात्र रात्र जागून हॅकर झाल्याचा आव आणणारी मुलं मी पाहिली आहेत, चाळिशीत बीपीच्या गोळ्या घेताना.

आणि लिहायला शीक. चार ओळींत, साध्या शब्दांत: काय झालं, कशावरून कळलं, आता काय करायचं. इंग्रजीत तर लागेलच, पण मराठीतही. सुरुवात आपल्या घरापासून कर. गेल्या दिवाळीत आईला, म्हणजे तुझ्या आजीला, 'डिजिटल अटके'चा व्हिडिओ कॉल आला होता. ती दोन तास एका खोलीत दार लावून बसली होती. पैसे गेले नाहीत, पण ती भीती तिच्या अंगातून अजून गेलेली नाही. फोन वाजला की दचकते. तिच्याजवळ बस. व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करता येईल अशी तरतूद आपल्या कायद्यात नाही, पैसे गेलेच तर क्षणही न घालवता १९३० वर फोन करायचा, हे तिला तिच्या भाषेत, तिला पटेपर्यंत सांग. एकदा सांगून होणार नाही. ती पुन्हा विचारेल, तू पुन्हा सांग. आवाज न चढवता.

लॅपटॉप घेऊन आठवडा होत आला की रविवारी ये. दुपारी जेवायलाच ये, भरली वांगी करते. लॅपटॉप आण, आणि ती शंभरपानी वही आण. निदान सहा दिवसांचं लिहिलेलं असलं पाहिजे, तारीख-वेळेसकट. अण्णांचा तो स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे माळ्यावर आहे, तो काढून ठेवते. खाली शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली आहे, त्यांना विचारून ठेवलं आहे. तुला ऐकवते.

तुझी
आत्या